एका सुताची पकड

लाकूड धरण्याचे काम दिसायला सोपे असते. करवत चालवणाऱ्याचा घाम दिसतो, रंधा मारणाऱ्याची वाकलेली पाठ दिसते. धरणारा मात्र नुसता उभा आहे असे वाटते. परंतु पटाशीवर पडणारा प्रत्येक ठोका त्याच्या मनगटापर्यंत पोचतो, आणि ठोका पडताना डोळा मिटला तरी हात हलून चालत नाही.

संगीता दोन वर्षे धरत होती.

दोन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या सुगीत मळणीयंत्राने तिच्या नवऱ्याच्या, धनराजच्या, डाव्या हाताची मधली तीन बोटे नेली. अंगठा आणि करंगळी राहिली. त्या दोहोंच्या चिमटीत विडी किंवा पटाशीचा दांडा धरता येई, लाकूड दाबून धरता येत नसे. उजवा हात पूर्वीसारखाच होता. रिठद गावाच्या माळावरच्या बंजारा तांड्यात सुतारकाम करणारा तो एकटाच होता. जखम भरल्यावर त्याने पहिला महिना पायाने लाकूड दाबून काम केले. करवतीपुरते ते जमले. पटाशी एकदा घसरली आणि पायाच्या पाठीवर कायमची खूण ठेवून गेली. मग त्याने कमरेइतक्या उंचीचा बाक केला. बाकाच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला संगीता, अशी मांडणी ठरून गेली.

माघाच्या अखेरीस, मंगळवारी दुपारी दोघे असेच उभे होते. काम रंगरावांचे होते. रंगराव रिठदचे बागायतदार. त्यांनी दोन एकरांत कांद्याचे बी धरले होते. गोंडे फुलायला लागले होते, पण मागच्या वर्षीप्रमाणे यंदाही मधमाश्या फिरकत नव्हत्या, आणि माशी बसली नाही तर गोंडा पोकळ राहतो. म्हणून त्यांनी माश्यांच्या वसाहती मागवल्या होत्या. त्या रविवारी संध्याकाळी येणार होत्या. त्यांच्यासाठी बारा पेट्या आणि प्रत्येक पेटीत आठ चौकटी, एवढे काम धनराजकडे होते. चौकट आणि पेटीची भिंत यांमध्ये अडीच सुतांची फट राहायला हवी होती; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फट जास्त झाली तर माशी तिथे नको ते पोळे बांधते, कमी झाली तर डिंकाने बुजवून टाकते. सगळ्या चौकटी एकसारख्या असणे भाग होते.

अंगणात ललिताबाई आली. तांड्यातल्या अंगणवाडीची ती सेविका. तिच्या हातात कागद होता.

"संगीता, तुहा आदेश निंघाला बाई. मदतनीस म्हून."

संगीताने लाकडावरचे हात काढले नाहीत. धनराजची पटाशी खाचेत होती. त्याने उरलेले चार ठोके मारले, खाच पूर्ण केली आणि मगच हातोडी खाली ठेवली.

"सोमवारी धाच्या आत रुजू व्हा लागते," ललिताबाई म्हणाली. "नाई आली तं यादीतलं दुसरं नाव घेतील. मंग मले काई म्हनू नको."

दुसरे नाव रंजीताचे होते, हे तांड्यात सर्वांना ठाऊक होते. रंजीता म्हणजे शेजारच्या खेमाची बायको. संगीता बारावी झालेली होती, रंजीताही.

ओट्यावर धनराजची आई कमलीबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. ललिताबाई गेल्यावर तिने शेंगांकडे पाहतच विचारले, "आन याचं लाकूड कोन धरन?"

धनराज खाचेतला भुसा झटकू लागला.

"इचारून राह्यली मी. तू जाशीन पोरं सांभाळाले. याचं लाकूड कोन धरन? मी धरू? माहे हात पाहा." तिने दोन्ही हात पुढे केले. ते तिच्या मनात नसतानाही थरथरत होते.

"याडी, चूप राय ना," धनराज म्हणाला. तांड्यात आईला याडी म्हणतात.

"चूप राहून लाकूड धरल्या जाते का?"

संगीताने आदेशाचा कागद नीट घडी करून कनवटीला खोचला. मग ती पुन्हा बाकापाशी आली आणि पुढची पट्टी दोन्ही तळव्यांनी दाबून धरली. तिच्या डाव्या अंगठ्याचे नख ठोक्याने काळे पडलेले होते. धनराजने ते रोज पाहिले होते. त्या दिवशी त्याने पटाशी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"सोड," तो म्हणाला.

"काहून?"

"सोड म्हन्लं ना. आता मी सांगतो तसं कर. एक चौकट पुरी करू आपन. तू कितीखेप धरतं, थे मोज."

तिने मोजले. पट्टी करवतीसाठी धरणे, रंध्यासाठी धरणे, खाचेसाठी धरणे, भोकासाठी धरणे, आणि शेवटी चारही कोपरे जुळवून खिळे ठोकेपर्यंत दाबून ठेवणे. एका चौकटीला अकरा वेळा. धनराजने पेन्सिलीने बाकावरच अकरा रेघा ओढल्या आणि त्यांच्याकडे बराच वेळ पाहत बसला. अकरा वेळा असले तरी धरण्याचे प्रकार तीनच होते. वरून दाबणे, बाजूने रेटणे आणि चार कोपरे एकत्र आवळणे.

"तीन कामं हायेत तुही," तो म्हणाला.

"तीनच?" संगीता म्हणाली. "दोन वर्स झाले, मले तं हजार वाटले."

लग्नापूर्वी धनराज हैदराबादला एका फर्निचरच्या कारखान्यात चार हंगाम राबला होता. तिथे बाकांवर लोखंडी पकडी होत्या. दांडी एका झटक्यात आडवी केली की लाकूड आवळले जाई, उलटी केली की सुटे. मळसूत्र फिरवत बसावे लागत नसे. तशी पकड लाकडात करता येईल, हे त्याला तेव्हाही वाटले होते. पण तेव्हा दहा बोटे होती, म्हणून गरज वाटली नव्हती.

बुधवारी सकाळी वीज होती तेवढ्यात त्याने काम उरकायचे ठरवले. गोठ्यामागे मोडक्या गाडीचे बाभळीचे जू पडले होते. ते इतके वाळलेले होते की त्यावर टिचकी मारली तर भांड्यासारखा आवाज येई. त्यातून त्याने अडीच इंची सहा चकत्या कापल्या आणि कानशीने त्यांची कड गोल केली. मग प्रत्येक चकतीचा मध्य काढला आणि मध्यापासून दोन सूत बाजूला भोक पाडले. भोकातून बोल्ट घालून चकती बाकावर बसवली आणि तिला वीतभर लांबीची दांडी जोडली. भोक मध्यावर नसल्यामुळे दांडी फिरवली की चकतीची कड पुढे सरकत असे. समोर पक्की ठोकलेली आडपट्टी होती. लाकूड आडपट्टी आणि चकती यांच्यामध्ये ठेवायचे आणि दांडी ओढायची, एवढेच काम.

भोके पाडताना चकत्या संगीतानेच धरल्या. सहावे भोक पडल्यावर धनराज म्हणाला, "हे तुहं शेवटचं धरनं."

"असं बोलू नये," कमलीबाई ओट्यावरून ओरडली. "शेवटचं-बिवटचं."

दुपारी त्याने पहिली पट्टी लावली. डाव्या हाताच्या कोपराने ती आडपट्टीला टेकवली, उजव्या हाताने दांडी ओढली. टक् असा आवाज झाला. त्याने पट्टी हलवून पाहिली. ती हलली नाही. त्याने पटाशी घेतली, खाच पाडली, दांडी उलटी फिरवली, पट्टी काढली.

संगीता बाकाच्या पलीकडे उभी होती. तिचे दोन्ही हात पुढे आले होते आणि लाकडाच्या वर चार बोटे अंतरावर थांबले होते. त्यांचे काय करावे हे तिला कळेना. शेवटी तिने ते पदरात गुंडाळले.

"जमलं का?" तिने विचारले.

"जमलं का काय? पाह्यलं नाई तू?"

"पाह्यलं. म्हून तं इचारून राह्यली."

संध्याकाळी धनराजने रंगरावांना फोन केला. चौकटी कशा होतात ते उद्या येऊन पाहा, आता एकट्याने करतो, असे त्याने सांगितले. त्याच्या आवाजात जी ऐट होती ती कमलीबाईने ओट्यावर बसून ऐकली, आणि तिलाही आतून बरे वाटले. म्हणूनच गुरुवारी भल्या सकाळी, धनराज नदीकडे गेलेला असताना, तिने आपल्या रीतीप्रमाणे जे करायचे ते केले. घरात नवे अवजार आले की त्याला पहिल्या दिवशी तेल लावायचे आणि कुंकू वाहायचे. विळ्याला, कुऱ्हाडीला, तिफणीला तिने हेच केले होते. तिने करडईच्या तेलात बोट बुडवून सहाही चकत्यांच्या कडांवरून फिरवले, प्रत्येकीला कुंकवाचे बोट लावले आणि तांड्याच्या दैवताचे, सेवाभायाचे, नाव घेतले.

रंगराव आठच्या सुमारास मोटारसायकलवर आले. त्यांच्या मागोमाग खेमा आला. त्याला कोणी बोलावले नव्हते. पण तांड्यात मोटारसायकल थांबली की खेमा तिच्याजवळ दिसायचाच.

"दाखव बावा तुही कलाकारी," रंगराव म्हणाले.

धनराजने चकत्यांवरचे कुंकू पाहिले आणि ओट्याकडे पाहून मान हलवली. त्याला ते शुभच वाटले. त्याने पट्टी लावली, दांडी ओढली. आवाज कालच्यासारखा झाला नाही, पण लोकांपुढे तो थांबला नाही. त्याने पटाशी टेकवून पहिला ठोका मारला. दुसऱ्या ठोक्याला चकती सर्रकन मागे फिरली, पट्टी निसटली आणि पटाशी तिच्या कडेची ढलपी काढत धनराजच्या डाव्या हाताच्या बोडक्या भागाजवळून गेली. सालटे निघाले. रक्त फार आले नाही.

"आयं!" संगीता धावली. आली ती आधी लाकडाकडे. पट्टी तिने दोन्ही हातांनी दाबून धरली, आणि धरल्यावर तिच्या लक्षात आले की आपण नवऱ्याचा हात पाहायचा होता.

खेमा हसला. "हे पाहा, खरी पकड आली बाहीर! दांडी ओढाचीबी गरज नाई."

"खेमा, तू घरी जाय," धनराज म्हणाला.

"जातो ना. रंजीताले सांगतो, पातळ धुऊन ठेव सोमवारसाठी."

रंगराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी ढलपी निघालेली पट्टी उचलली, उन्हात धरून पाहिली आणि परत बाकावर ठेवली. "हे पाय धनराज, मले रविवारी पेट्या पायजे. माश्या गाडीतून उतरल्यावर मी त्याईले थांबा म्हनू शकत नाई. तुह्या बायकोले धराले लाव आन मोकया हो. हे नाटक मंग कर, पावसायात."

"रविवारी भेटतील तुमाले."

"बाई धरन ना?"

धनराज पटाशी पुसू लागला. रंगरावांनी तोच होकार समजून मोटारसायकल सुरू केली.

ते गेल्यावर धनराज ओट्यापाशी गेला. "याडी, तुले कोनं सांगतलं होतं तेल लावाले? पकडीले तेल लावते का कोनी? सारी गिलबिली करून ठेवली!"

कमलीबाईने हातातली शेंग खाली ठेवली. "विळ्याले लावलं थो बिघडला? कुऱ्हाडीले लावलं थे बिघडली? तुह्याच अवजाराले काहून तेल सोसत नाई?"

"हे धरते याडी, कापत नाई! धरनाऱ्याले तेल चालत नाई!"

"मले नको सांगू. तुह्या बापाच्या गाडीच्या आसाले मी वंगन घालत होती. वंगन घालूनच गाडी घाटात नेत होते थे. चढ मायंदळ असला तं गाडी मांघं येत होती. तुह्या बापानं वंगनाले कधी शिव्या नाई देल्या."

ती उठून आत गेली. म्हातारीचा आवाज शेवटी फाटला होता, हे धनराजच्या लक्षात आले. पण त्या क्षणी तो रागात होता.

त्याने चुलीतली राख आणली, चकत्यांच्या कडा राखेने घासल्या, फडक्याने कोरड्या केल्या. पुन्हा पट्टी लावली. टक्. पट्टी पक्की बसली. त्याने संगीताकडे पाहिले. त्याचा अर्थ, कोणाची चूक होती ते पाहा, असा होता. मग तो खाच पाडू लागला. संगीता दांडीकडे पाहत होती.

"हालली," ती म्हणाली.

"काय हाललं?"

"दांडी. इतकुशी. तुमी ठोका मारता आन थे सरकते."

त्याने हातोडी थांबवली. दांडीच्या टोकाखाली बाकावर पेन्सिलीने रेघ मारली आणि पुन्हा ठोके मारले, आता मोजून. सतराव्या ठोक्याला दांडी रेघेपासून बोटभर मागे आली होती. चकती कोरडी होती, राखेने घासलेली होती, तरी ती सरकत होती. तेलाने दुसऱ्या ठोक्याला जे घडले, ते तेलावाचून सतराव्याला घडत होते. काल ते दिसले नव्हते, कारण काल त्याने एका पट्टीवर बाराच्या वर ठोके मारलेच नव्हते.

धनराज उन्हातच खाली बसला. हाताचे सालटे चुरचुरत होते. त्याने एक चकती सोडवून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. भोकापासून कड कुठे जवळ होती, कुठे लांब होती. अंगठा फिरत गेला तशी ती लांब होत गेली, म्हणजे चढत गेली. वर्तुळावर गुंडाळलेला तो एक चढ होता. लाकूड त्या चढाच्या मध्यावर उभे असते आणि ठोका त्याला खाली ढकलत असतो. चढ उभा असेल तर ते घसरणारच. तेल असले तर लवकर, नसले तर उशिरा.

"मायंदळ चढ," तो स्वतःशीच म्हणाला.

"काय?"

"दोन सूत जास्त झाले. मले घाई होती, का दांडी थोडकी फिरवली का लाकूड लवकर आवळलं पायजे. म्हून भोक दूर पाडलं. चढ उभा झाला. एक सूत पायजे होतं." तो उठला. "तेलाचा दोष नाई. माहा दोष हाये."

तो घरात गेला. आत काय बोलणे झाले ते संगीताला ऐकू आले नाही. थोड्या वेळाने कमलीबाई बाहेर आली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली. तिचा चेहरा अजून फुगलेला होता. पण ती बाकाकडे तोंड करून बसली होती, पाठ करून नव्हे.

जुवाचे लाकूड अजून उरले होते. शुक्रवारी सकाळी वीज येताच त्याने नव्या सहा चकत्या कापल्या आणि भोक मध्यापासून बरोबर एक सूत बाजूला घेतले. या वेळी भोके पाडताना त्याने संगीताला बोलावले नाही. जुन्याच चकत्यांपैकी दोन बाकावर होत्या. त्यांच्यात नवी चकती आवळून त्याने ड्रिल चालवले. थोडक्या ठोक्यांना जुन्याही पुरत होत्या, आणि ड्रिलला तर ठोका नव्हताच.

पहिली नवी चकती बसवून झाल्यावर तो ओट्याकडे वळला. "याडी, तेल आन."

"कायले? पुन्हा शिव्या द्याले?"

"आन तं खरी."

तिने वाटी आणली. कडेवर बोट फिरवताना ती धनराजच्या तोंडाकडे पाहत होती. त्याने सांगितले, अजून लाव. तिने अजून लावले. तेलाचा ओघळ बाकावर आला. मग त्याने पट्टी लावली, दांडी ओढली, टोकाखाली रेघ मारली आणि ठोके मारू लागला. संगीता मोजत होती. वीस झाले. चाळीस झाले. साठाव्या ठोक्यालाही दांडी रेघेवरच होती.

"घे," कमलीबाई म्हणाली, आणि बोटाला राहिलेले तेल आपल्या केसांना पुसले.

एका सुताने एक अडचण मात्र आणली. चढ सौम्य झाला तशी चकतीची धावही निम्म्याने कमी झाली. पट्टी थोडी अरुंद असली की दांडी पूर्ण फिरूनही तिला पोचत नसे. संगीता आडपट्टीच्या पुढे पाचर घालायला सुचवीत होती. धनराजने तिचे ऐकले, पण पकडीऐवजी पट्ट्यांच्या बाजूने. त्याने आधी सगळ्या पट्ट्या एकाच मापाला रंधून घेतल्या, म्हणजे चकतीला फार धावावेच लागू नये. चौकटींना तेच हवे होते. जे माप पकडीने मागितले, तेच माप माशीने मागितलेले होते.

दुपारपर्यंत उरलेल्या दोन पकडी झाल्या. वरून दाबण्यासाठी त्याने एक आडवी दांडी मध्यावर खिळीवर बसवली आणि तिच्या शेपटीखाली चकती दिली. चकती फिरली की शेपटी वर जाई आणि तोंड लाकडावर दाबले जाई. कोपऱ्यांसाठी एका जाड फळीवर दोन बाजूंना पक्के ठोकळे आणि दोन बाजूंना चकत्या अशी मांडणी केली. चौकटीचे चार तुकडे त्यात टाकायचे, दोन दांड्या ओढायच्या, खिळे ठोकायचे. गुण्या लावून पाहिले तर प्रत्येक कोपरा काटकोनात बसत होता. संगीताच्या हातांनी असे बसत नव्हते, हे तिनेच सांगितले.

"मी धरत होती तं एक कोपरा दरखेप उघडा राहत होता."

"राहत होता."

"मंग बोलले काहून नाई कधी?"

"तुहं नख काळं पडत होतं. त्याच्यात अजून काय बोलू?"

पेट्या झाल्या होत्या आणि आधीच्या चौकटींचे उघडे कोपरे त्याने पकडीत आवळून नीट केले, तरी चौकटींचे काम अजून निम्म्याच्या वर बाकी होते. त्याने संगीताला बाकापासून दूर बसवले. तिने कापलेल्या तुकड्यांना काचकागद मारावा, पेट्यांची झाकणे मोजून ठेवावीत, पण लाकूड धरू नये, अशी त्याची अट होती. शुक्रवारी दुपारी तो एका चौकटीला जेवढा वेळ घेई, तेवढ्यात पूर्वी दोघांच्या दोन होत. डावे कोपर सरकून सरकून सोलले. दर वेळी पट्टी टेकवायची, दांडी ओढायची, हत्यार उचलायचे, ठेवायचे, दांडी सोडायची. टेकवणे सोडले तर सगळ्या गोष्टी एकाच हाताला करायच्या होत्या. हत्यारे बाकाच्या उजव्या कडेला, वापराच्या क्रमाने मांडल्यावर थोडा वेळ वाचला. दांड्यांची तोंडे सगळी एका दिशेला केल्यावर आणखी वाचला. शनिवारी दुपारी संगीताने पुन्हा मोजले, तेव्हा तो जुन्या वेगाच्या बरोबरीला आला होता. तिने ते मोठ्याने सांगितले नाही. तिने फक्त काचकागद खाली ठेवला आणि चहा टाकायला उठली.

खेमा शनिवारी येऊन गेला. बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "धन्या, मले एक अशी दांडी करून दे ना. विळा घासाले."

"रंजीताले लाव ना धराले," कमलीबाई ओट्यावरून म्हणाली.

खेमा हसला, पण या वेळी त्याचे हसू लवकर संपले. तो म्हणाला, "याडी, तुमी लै बेकार बोलता," आणि गेला.

रविवारी दुपारी तीन वाजता रंगराव छोटा टेम्पो घेऊन आले. बारा पेट्या अंगणात रचलेल्या होत्या आणि शहाण्णव चौकटी ओट्यावर भिंतीला टेकून उभ्या होत्या. रंगरावांनी खिशातून अडीच सुतांची एक पितळी पट्टी काढली. वसाहती पाठवणाऱ्याने ती त्यांना दिली होती. त्यांनी एक पेटी पुढे ओढली, तिच्यात आठ चौकटी सोडल्या आणि फटीतून पट्टी फिरवली. मग दुसऱ्या पेटीतल्या चौकटी पहिलीत आणि पहिलीतल्या तिसरीत घालून पाहिल्या. कुठेही पट्टी अडकली नाही, कुठेही ढिली झाली नाही. चौथ्या पेटीनंतर त्यांनी पट्टी खिशात टाकली.

"बाईनं धरलं असन," ते म्हणाले.

"इचारा तिले."

संगीताने दोन्ही हात पुढे केले. चार दिवसांत नखावर नवा ठोका बसला नव्हता, आणि काळ्या नखाच्या बुडाशी पांढरी कोर दिसू लागली होती. रंगरावांनी ते पाहिले आणि टेम्पोत पेट्या चढवायला हात लावला. निघताना म्हणाले, "पुढच्या साली माह्या साडूलेबी वीस पेट्या पायजे. तेले सांगू?"

"सांगा," धनराज म्हणाला. "पन लाकूड एका मापाचं आनाले सांगा. माह्या पकडीले मापात कमीजास्त चालत नाई."

सोमवारी सकाळी साडेनऊला संगीता न्हाऊन, केस बांधून अंगणात आली. धनराज बाकापाशी होता. रिठदच्या एका घराचे दार दुरुस्तीला आले होते. दार लांब होते, आणि त्याचे एक टोक पकडीत बसवताना दुसरे बाकाखाली लोंबत होते. त्याने कोपराने उचलले, ते घसरले. पुन्हा उचलले. संगीता थांबली. तिचा पाय बाकाकडे वळला होता.

धनराजने तिच्याकडे पाहिले नाही. तो कमलीबाईला म्हणाला, "याडी, थो धान्याचा पिपा इकडं सरकव."

कमलीबाईने पिपा ढकलत आणला. दाराचे टोक पिप्यावर टेकले. त्याने दांडी ओढली.

"उशीर होऊन राह्यला तुले," कमलीबाई सुनेला म्हणाली. "उभी कायले? पयलाच दिस हाये."

अंगणवाडी तांड्याच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ होती. ललिताबाई मुलांना ओळीत बसवत होती. तिने टेबलावरचे रजिस्टर उघडून संगीतापुढे केले. संगीताने नाव लिहिले, रुजू झाल्याची तारीख लिहिली, वेळ लिहिली. डावा तळवा तिने पानावर पसरून ठेवला होता आणि त्यावर खांद्यापासून सगळा भार दिला होता. सही झाली तरी तो तसाच होता.

"सोड वो," ललिताबाई म्हणाली. "पान कुठी जात नाई."

संगीताने हात उचलला. एक पोरगी तिचा पदर ओढत होती; तिला उचलून घ्यायला संगीता वाकली, दोन्ही हातांनी.